विहिरीचा पॅराबोला

३० मार्च, पाडवा. सकाळी ७
विहिरीत दोर सोडून पाणी मोजलं. तीन रविवारची मापं: चौदा फूट, नऊ, सहा. आलेख काढला. वर तोंड उघडलेला पॅराबोला, थेट दहावीच्या पुस्तकातला. शिरोबिंदू पाचवर. X अक्षाला शिवतच नाही, म्हणजे विवेचक ऋण, वास्तव मुळं नाहीत. विहीर आटणं गणितातच बसत नाही. उलट २७ एप्रिलला, लेकीच्या, निशूच्या लग्नादिवशी, परत चौदा फूट. पाचशे माणसं आपल्याच अंगणात जेवतील.
कोकिळा म्हणते, टँकरवाल्या अंकुरले आताच सांगून ठेवा, लगनसराईत तो हाती लागत नाही. बायकोला वर्गसमीकरण काय कळणार.

६ एप्रिल
तीन फूट. पाच पाहिजे होते. दोर ताणला असेल. नवा आणणे.
शेजारच्या भारतने तीनशे फूट बोअर मारली. म्हणे, सर, तुमचंच पानी तर ओढून नाही राह्यलो ना मी? म्हटलं, बोअर समीकरणात नाही.

१० एप्रिल, संध्याकाळ
मोटर हवा घेते. मधमाश्या स्वयंपाकघरात येऊन ओल्या फडक्यावर बसतात. बरं नाही वाटत.
आलेख सुधारला. हा अक्षाला टेकणारा प्रकार. विवेचक शून्य, मुळं समान. टेकेल अन् उठेल.

१३ एप्रिल
टेकला. नवा दोर कोरडाच वर आला.
कोकिळाने विचारलं, आता काय. म्हटलं, आता वर. निशू काठावर बराच वेळ उभी होती. म्हणाली, बाबा, मले काही नको, फक्त आपल्या दारातून जायचं आहे. म्हटलं, शंभर टक्के.

१७ एप्रिल
अंकुरला आपणहून फोन केला. महिनाभर एकही टँकर मोकळा नाही. राळेगाव, पांढरकवडा, सगळीकडे तेच.

२० एप्रिल
व्याह्यांचा फोन. लग्न उमरखेडला, त्यांच्याच दारी. फार गोड बोलले. तेच जास्त लागलं.
निशूने आलेख पाहिला. म्हणे, बाबा, कोणत्याही तीन टिंबांतून पॅराबोला काढताच येतो, त्यात विहिरीचं काय? वीस वर्षं हे मीच शिकवतो आहे.

२७ एप्रिल
लग्न लागलं. आम्ही पाहुण्यांसारखे गेलो, पंगतीत बसलो. पाणी भरपूर होतं.
पाठवणी झालीच नाही. निशूला कुठे जायचंच नव्हतं. ती त्यांच्या दारात उभी राहिली आणि आम्हीच निघालो. एसटीत कोकिळा सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली होती.