अंदाजानं शिवलेला ब्लेझर

४ जानेवारी १९९७, कळस
आज वरून परिपत्रक आलं. अपंगांना खेळाच्या मुख्य प्रवाहात आणायचं. गेल्या वर्षी कायदा लागू झाला, आता तालुक्याची स्पर्धा आमच्या शाळेच्या मैदानावर. संयोजक कोण, असं हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा सगळा स्टाफ चहाच्या कपात बघत होता. पी.टी.चा सर म्हणून मी एकट्यानं मान वर केली. नेतृत्व अंगातच असावं लागतं. संकल्प: स्पर्धा अशी घ्यायची की जिल्ह्याच्या साहेबांनी म्हणावं, दादासो सर, जिल्हा संयोजक तुम्हीच. चौऱ्याण्णवला बालेवाडीच्या नॅशनल गेम्समध्ये मी स्वयंसेवक होतो, पाणी वाटायला. संयोजकांच्या अंगात निळे ब्लेझर होते. ते निळे ब्लेझर अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

६ जानेवारी
एस.टी. स्टँडजवळच्या झुंबर टेलरकडे ब्लेझर टाकला. निळा, पितळी बटणं, खिशावर जरीत ‘मुख्य संयोजक’. झुंबरचे पाय लहानपणी पोलिओनं गेले. हातानं चालवायच्या मशीनवर शिवतो आणि हातानं पेडल मारायच्या तीनचाकीवर फिरतो. टेप काढून म्हणाला, माप द्या सर. म्हणालो, गडबडीत आहे, अंदाजानं शिव. तर म्हणे, अंदाजानं पिशव्या शिवत्यात, कोट न्हाय. मग विचारू लागला, तीनचाकीची शर्यत हाय का? आमी रोज कालव्यापर्यंत मारतो. म्हटलं, समिती ठरवेल. खेळाडूंनी धोरणात लुडबुड केली की शिस्त जाते.

१० जानेवारी
समितीची बैठक. वरच्या मजल्यावर घेतली, गादीच्या खुर्च्या तिथं आहेत. अपंगांचा प्रतिनिधी म्हणून झुंबरला मुद्दाम बोलावलं. जिना बघून तो खालीच थांबला आणि अंगणातून ओरडून काहीतरी सांगत राहिला. नीट ऐकू आलं नाही. इतिवृत्तात नोंदवलं: ‘अपंग प्रतिनिधींचा खालून पाठिंबा.’

१३ जानेवारी, सकाळ
अनुभवाशिवाय धोरण म्हणजे पोकळ बडबड. आज दिवसभर डोळ्यांना पट्टी बांधून वावरणार.

त्याच दिवशी, चहाच्या आधी
ताकाची बरणी फुटली. अनुभव पूर्ण झाला. भोगीच्या दिवशी हा काय तमाशा, म्हणून सौ. रोहिणी तापली. म्हणे, शेजारच्या कुशाबाईंना जन्मापासून दिसत न्हाय, रोज गिरणीत जाऊन दळण आणत्यात, चिमूटभर पीठ सांडत न्हाय. त्यास्नी कंदी इचारलंय का, तुमाला काय खेळायचंय म्हणून? बायकांना पॉलिसी कळत नाही.

२० जानेवारी
सराव सुरू. सारजा म्हणून मुलगी आली, विशीतली. तिला ऐकू येत नाही. शंभर मीटरसाठी उभी केली आणि शिट्टी मारली. हलली नाही. गाल फुगवून मारली, तरी नाही. बारामतीहून मोठ्या आवाजाची शिट्टी मागवणे. एवढ्यात झुंबरनं तीनचाकीवरून हातरुमाल खाली टाकला आणि पोरगी जी सुटली ती थेट ओढ्यापाशी थांबली. शेरा मारला: वेग उत्तम, आज्ञापालन कमी.
झुंबरनं पुन्हा टेप काढला. म्हणालो, अरे, तुझ्या-माझ्या बांध्यात काय फरक आहे? स्वतःचंच माप धर. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बरं म्हणाला. कौतुकानंच न्याहाळलं असणार.

२ फेब्रुवारी
झुंबरच्या दुकानात बसलो होतो. तालुक्यात पहिला येणारा राज्याच्या स्पर्धेला बालेवाडीला जाणार, हे कळल्यापासून त्याला झोप नाही. सांगत होता, शाळेत पी.टी.च्या तासाला सगळी पोरं मैदानात आणि तो एकटा वर्गात, दप्तरं राखायला. (माझ्या आधीचे सर होते.) म्हणे, लई वर्सं दप्तरं राखली सर. आता एकडाव मला पळू द्या, मग हरलो तरी चालंल. लगेच टिपून घेतलं. हे भाषणात घ्यायचंच.

१० फेब्रुवारी
मंडपाचा आराखडा तयार. स्टेज उंच हवं, म्हणजे पाहुणे शेवटच्या रांगेतून दिसतात. सात पायऱ्या. झुंबरचं एकच पालुपद: कडंला फळ्यांचा उतार करा, आमी बक्षीस घ्यायला वर कसं यायचं? पण फळ्या पाहुण्यांच्या सोफ्याखाली लागणार आहेत. तोडगा काढला: पदकं ताटात ठेवून खाली पाठवायची. मंडपात धावपट्टी गेली खरी. शर्यती प्रतीकात्मक घेऊ.

१५ फेब्रुवारी
ब्लेझर तयार आहे. झुंबर म्हणाला, उद्या संगंच आणतो. ट्रायल घ्यायला मला वेळ नाही.

१६ फेब्रुवारी, दुपार
स्टेजवरून लिहितोय. साहेब उशिरा आले, पण आले. सत्कार चालू आहेत. साहेबांचा झाला, साहेबांच्या ड्रायव्हरचा झाला, आता मंडपवाल्याचा चाललाय. नारळ संपले, म्हणून पहिल्या रांगेकडून परत घेतले. साहेब यायच्या आधीच माझं भाषण झकास झालं. दप्तरांच्या किश्श्याला हेडमास्तरांनी डोळे पुसले. झुंबर मात्र दिसला नाही. पाहिलं तर खेळाडूंच्या बाजूला सगळं रिकामं. ज्यांच्यासाठी एवढं करावं, त्यांनाच किंमत नाही. ब्लेझरचाही पत्ता नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
साहेब मघाशीच उठले. शर्यती बघायला परत येतील असं वाटतं. पदकांचं ताट घेऊन थांबलोय. मंडपवाल्यानं सोफा नेला.

१७ फेब्रुवारी
रोहिणीकडून कळलं. ती कुशाबाईंचा हात धरून तिकडंच गेली होती म्हणे. सत्काराला कंटाळून सगळे खेळाडू बारामती रस्त्यावर गेले आणि तिथं आपापल्या शर्यती लावल्या. कुशाबाईंनीही गोळा फेकला. परतणाऱ्या साहेबांची जीप तीनचाक्यांच्या मागं अडकली. साहेब चिडून उतरले, तर समोर निळा ब्लेझर आणि खिशावर ‘मुख्य संयोजक’. कोट हातात धरून पेडल मारता येईना, म्हणून झुंबरनं तो अंगात घातला होता. साहेब खूश. म्हणाले, स्वतः पळणारा संयोजक आज पहिल्यांदा बघतोय. सारजानं खुणेनं शिकवलं तसा त्यांनीच रुमाल टाकला. झुंबर पहिला आला. साहेबांनी आपल्या सत्काराची शाल त्याच्या खांद्यावर घातली आणि जिल्हा संयोजक तिथंच जाहीर केला. झुंबरनं, मी टेलर हाय, मी टेलर हाय, असं दोनदा सांगितलं. साहेबांना तो विनय वाटला.
जेवण गेलं नाही. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ फेब्रुवारी
झुंबर दारात तीनचाकी लावून ब्लेझर परत करायला आला. म्हणाला, साहेबास्नी सगळं खरं सांगून आलो. साहेब म्हणत्यात, मग तर तुमीच पायजे. ब्लेझर अंगात घालून बघितला. खांदे कोपरापर्यंत उतरले आणि पोटावर बटण लागेना. रोहिणी आत जाऊन हसली. झुंबर म्हणाला, तुमीच म्हणला व्हता, माझं माप धर. म्हटलं, ठेव तुलाच.
त्यानं कोट घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, सर, तुमीबी चला की बालेवाडीला. आमी समदी पळणार, पिशव्या राखायला कुणीतरी पायजे.
जबाबदारीचं काम आहे. हो म्हणालो. पिशव्या राखणाऱ्याला ब्लेझर असतो का, तेवढं विचारलं. झुंबर हसला नाही. त्यानं खिशातून टेप काढला आणि म्हणाला, माप द्या.
पायरी उतरून त्याच्यासमोर गेलो आणि हात वर करून गुपचूप उभा राहिलो.