दोन गोण्यांपासून अर्ध्या गोणीपर्यंत

५ जाने., सोम.
मालक प्रमोदभाऊंची मुलगी मानसी पुण्याहून शिकून आलीय. आज तिने कारखान्यात पाण्याच्या टाकीशेजारी आलेख लावला. तिचं म्हणणं, आजवर विणलेल्या एकूण चटया दुप्पट झाल्या, की एका चटईचा खर्च ठराविक टक्क्यांनी उतरतो. पुन्हा दुप्पट, पुन्हा तेवढाच उतार. रेषा खरंच खाली आलीय. तीन वर्षांपूर्वी लूममागे पाळीला दोन गोण्या धागा वाया जायचा, आता अर्धी गोणी. आपलंच प्रगतिपुस्तक भिंतीवर लागल्यासारखं वाटलं.

८ जाने., गुरु.
भाऊंनी धुळ्याच्या व्यापाऱ्याला आजच्या खर्चाहूनही कमी भाव दिला. म्हणे, माल दुप्पट होईपर्यंत सोसायचं. तोवर खर्च भावाच्या खाली येईल, जळगावातले बाकीचे चटईवाले दमतील, मग बाजार आपला. धाडस आहे. कौतुक वाटलं, खोटं का लिहू.

१२ जाने., सोम.
कौतुक संपलं. पुढच्या महिन्यापासून आम्ही सहा जुन्या बाया पॅकिंगला, कमी पगारावर. लूमवर ठेकेदाराच्या नव्या मुली. "तेवढाच खर्च अजून उतरेल," भाऊ.
मी म्हटलं, ती रेषा आम्ही उतरवली.
"लूम काय, मशीनच चालवतं, संगीता. करायचं ते सगळं कागदावर लिहिलंय."
तो कागद! लूम बसवणारा चिकटवून गेला होता. तीन वर्षांत कुणी वाचला नाही. मेहनत आमची आणि आयत्या बिळावर नागोबा. डोकं भणभणतंय. पॅकिंगला मी जाणार नाही.

१३ जाने., मंगळ.
डब्याच्या वेळी सहाजणी बसलो. संप नको, भांडण नको. धुळ्याकडच्या मालतीअक्का म्हणाल्या, "बठ्ठं कागदवर शे ना? मंग कागदलेच चालाऊ दे लूम."
सगळं कागदावर आहे, तर कागदच चालवू दे. ठरलं. उद्या कागदाबाहेर बोटसुद्धा हलवायचं नाही.

१४ जाने., बुध.
कागद म्हणतो: धागा तुटला की लूम थांबवा, गाठ मारा. तुटायच्या आधी लूमचा आवाज बदलतो, तेव्हाच ताण सैल करायचा, हे त्यात कुठंय? ओला धागा वेगळा चालतो, हेही नाही. असोद्याच्या निर्मलाचे हात शिवशिवत होते. "मले पाहवत नाही व," म्हणाली. तिला हात पदरात गुंडाळायला लावले. मलाही जड गेलं, आपल्या हाताने माल नासवणं.
पाळी संपली. लूममागे दोन गोण्या. मानसीने स्वतः वजन केलं, आलेखावर ठिपका काढला, थेट वर, सुरुवातीच्या उंचीवर.
भाऊ: "हा संपच आहे."
"नाही भाऊ. हा तुमचा कागद आहे."

१७ जाने., शनि.
गेले दोन दिवस नेहमीसारखं काम, अर्धी गोणी. मानसी आज वही घेऊन आली. "ताई, तुम्ही सगळ्या जे करता ते लिहून द्या. नाहीतर रेषेला अर्थ नाही."
लिहून दिल्यावर आमचं काय?
पोरगी प्रामाणिक आहे, खोटं आश्वासन देता आलं नाही तिला.
अक्का म्हणतात, एक अक्षर देऊ नको. निर्मला म्हणते, येणाऱ्या मुली आपल्यासारख्याच, त्यांना का आंधळं ठेवायचं. मला दोघींचंही पटतं, हाच त्रास.
मानसीला सांगितलं: शिकवीन. पण लूमपाशी उभी राहून, आणि आम्ही सहाजणी लूमवरच, याच पगारावर, असं आधी भाऊंच्या सहीने हवं.

१९ जाने., सोम.
सही नाही. धुळ्याचा ट्रक येत्या शनिवारी, माल अर्धाही तयार नाही. सकाळी आठला सहाजणी लूमपाशी. भाऊ आले, "चालू करा."
विचारलं, "कागदाप्रमाणे, की आमच्याप्रमाणे?"
आलेखाकडे बघितलं त्यांनी. मग माझ्याकडे. ऑफिसात गेले, मानसी मागोमाग. दार लावलंय.
चहाच्या सुटीत लिहितेय. लूम अजून बंदच आहेत.