बिस्किटांच्या डब्यातल्या त्रेचाळीस सिगारेटी

ती. दादा,

तुला वाकून नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर वाकले तर मला परत उभं करायला दोन माणसं लागतात). वहिनींनाही सांग. तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याची चौकशी करत नाही, त्याच्यावर तू स्वतःच चार पानं लिहितोस. कानातलं यंत्र वापरतोस ना, की अजूनही वहिनी बोलायला लागल्या की नेमकी बॅटरी संपते? इथे मी मजेत आहे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तू पहिल्या गाडीने निघशील.

मागच्या वस्तीतल्या दवाखान्यात मी सकाळी टेबलाशी बसते, हे तुला ठाऊक आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना तिथे दंडावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या, चघळायच्या गोळ्या आणि माझा उपदेश असं सगळं फुकट मिळतं. पहिले दोन महिने चिटपाखरू फिरकलं नाही. टेबल उघडायचं दहाला, आणि ज्यांच्यासाठी ते मांडलेलं ती माणसं सातच्या आत कामाला लागलेली. शिवाय टेबलामागे काळ्याठिक्कर फुप्फुसाचं भलंमोठं चित्र. ते पाहून जो तो घाबरायचा, आणि जीव थाऱ्यावर आणायला समोरच्या टपरीवर जाऊन एक ओढायचा. शेवटी मी चित्र उतरवलं, वेळ सकाळी साडेसहाची करून घेतली आणि टेबल उचलून फाटकाबाहेर, थेट टपरीच्या तोंडासमोर ठेवलं. टपरीवाला भला माणूस, भांडला नाही. फक्त माझ्याकडे पाहून मिशीत हसतो. का हसतो, देव जाणे.

तर अशी एकेक करत नऊ माणसं जमली. त्यांतला पहिला आमचा इंजिन. गोदामात पोती वाहतो. तोंडातून अखंड धूर, म्हणून हे नाव. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला इतकी धाप लागायची, की मुकादमाने जिन्याचं काम काढून घेऊन त्याला खाली झाडलोटीला लावलं. मजुरी निम्मी झाली, पण त्याला झोंबलं ते दुसरंच. "बाई, झाडूच मारायचा तर घरी बायको काय नको म्हणाली होती का?" असं मला विचारलंन. (मी म्हटलं, घरीही मारत जा. त्यानंतर दोन दिवस बोलला नाही.) आता त्याला तेवीस दिवस झालेत आणि दोन जिने न थांबता चढतो. फक्त पट्ट्या अजून महिनाभर लागतील, आणि विकतची एक पट्टी म्हणजे त्याची अख्ख्या दिवसाची मजुरी.

आमचे नियम दोन. पहिला, हातात आलेली पण न ओढलेली सिगारेट फेकायची नाही, टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. ती पडली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. दुसरा, प्रत्येकाने घराबाहेरचा एक जोडीदार ठरवायचा. तलफ ज्या वेळी सगळ्यात जास्त छळते, नेमका त्या वेळी त्याने रोज फोन करायचा. इंजिनला दुपारच्या सुट्टीत त्याची सासरी असलेली मुलगी फोन करते आणि पाच मिनिटं नुसती नवऱ्याच्या कागाळ्या सांगते. सिगारेटची आठवणही राहत नाही म्हणे.

सगळं असं छान चाललेलं असताना वरच्या साहेबांचं पत्र आलं: सोमवारपर्यंत वहीत दहा नावं नसतील तर टेबल बंद, पट्ट्या बंद. नर्सबाईंनी ते मोठ्याने वाचलं. इंजिनने दंडावरची पट्टी तेवढी बाहीवरून हलकेच दाबून बघितलीन. मी म्हटलं, दहावं नाव मी आणते.

आणि त्याच आठवड्यात गुरुवारी दवाखान्याच्या कपाटाचं कुलूप मोडलं, म्हणून डबा मी घरी आणला. आत त्रेचाळीस सिगारेटी. नर्सबाईंनी तशी चिठ्ठीच चिकटवली होती. घरात लहान मूल, म्हणून डबा माझ्या लुगड्यांच्या कपाटात, अगदी मागे ठेवला.

सोमवारी सकाळी सव्वासहाला सुनेला माझ्या कपाटातली शाल हवी होती. सापडला डबा. दादा, आपल्या वडिलांच्या आजारपणातसुद्धा घरात इतकी शांतता मी ऐकली नव्हती. मुलगा खिडकीबाहेर बघत उभा. नातीने सगळ्या सिगारेटी पलंगावर मांडून मोजल्या आणि एकोणचाळीस भरल्या म्हणून जाहीर केलं (हल्ली शाळेत मोजायला शिकवतात की नाही, कोण जाणे). सून माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतलान आणि म्हणाली, "आई, आम्ही मुळीच रागावलो नाही हं." यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी डब्याचा खुलासा करायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आता काही बोलू नका. आपण डॉक्टरांकडे जाऊ." आणि दोघांनी मला हाताला धरून नेलं कुठे, तर माझ्याच टेबलावर!

टेबलापुढे नऊही जण पट्ट्यांसाठी उभे. सुनेने नर्सबाईंना हळूच सांगितलं, "आमच्या सासूबाईंचं नाव लिहून घ्या." नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, वहीतल्या दहाव्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं, आणि टेबलाखालून माझा पाय दाबला. पण मी मिशनच्या शाळेत मदर सुपिरिअरच्या हाताखाली दहा वर्षं काढलेली बाई. खोटं नाव वहीत जाऊ देणार नव्हते. म्हटलं, आणा ते फुंकायचं यंत्र, होऊ दे शहानिशा. (त्यात श्वास सोडला की कळतं: न ओढणाऱ्याला हिरवा दिवा, ओढणाऱ्याला लाल.) छाती भरून फुंकलं.

लाल.

यंत्र जुनं आहे, दुसरं काय. पण नर्सबाईंची लेखणी तोवर चालली होती. इंजिन पुढे आला, माझ्यासाठी खुर्ची सरकवलीन आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, लाजू नका. पहिले तीन दिवस जड जातात, मग उतार आहे." मग माझीच सगळी भाषणं त्याने मला शब्दशः ऐकवली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा नावं झाली, टेबल राहिलं, आणि मी दंडावर पट्टी लावून घरी आले. तेव्हापासून सून मला दुपारी सफरचंद चिरून देते. एकूण काय, बदनामी मला मानवली आहे.

वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. — यंत्र जुनं नाही. मागच्या महिन्यातच नवं आलंय.

दुसरा ता. क. — नातीला मोजता येतं. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. ते रोज सकाळी सहाला मागच्या गॅलरीत चहाबरोबर एक ओढायचे आणि मी शेजारी बसून कटकट करायचे. ते गेल्यावर गॅलरीत इतकं स्वच्छ वाटायला लागलं, की बसवेना. म्हणून एक पेटवली, नुसती वासासाठी. मग रोज एक. 'प्लंबरसाठी हवीय' म्हणून टपरीवरून आणायचे (सहा वर्षं आमच्याकडे प्लंबर आहे). पण टेबल मीच टपरीसमोर नेऊन ठेवल्यावर तिथे जायला तोंड उरलं नाही, साठवलेल्या होत्या त्या गुरुवारी संपल्या, आणि घरात तर डबा आलेला. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. तेव्हा वहीत खोटं काहीही लिहिलेलं नाही.

तिसरा ता. क. — जोडीदार म्हणून तुझं नाव देऊन आले आहे. रोज सकाळी सहाला फोन कर. उपदेश नको, तो माझा मला पाठ आहे. उजव्या गुडघ्याबद्दल सांग. सगळं सांग, मी गॅलरीतच बसलेली असेन.