धानोली ग्रहावरची थोरली

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)
मे महिना, घामाची वेळ

ती. लवूदादास,

वाकोल्याहून प्रेमाचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे सध्या पत्रातूनच वाकते.) तुझ्या डोळ्याची पट्टी सुटली का? ऑपरेशननंतर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तू तिसऱ्याच दिवशी नारळाचं पोतं उचललंस असं द्रौपदीवहिनीने मला फोनवर कुजबुजत सांगितलं. तिच्या गुडघ्याला तेल लावतोस का? तिने तुझ्या डोळ्यात औषध घालायचं आणि तू तिच्या गुडघ्याकडे बघायचंही नाही, हा न्याय चालणार नाही. आमच्याकडे सगळं क्षेम. हे बरे आहेत. केतन जहाजावर आहे, कुठल्या समुद्रात ते त्याच्या कंपनीला ठाऊक. सूनबाई श्रुतिका मजेत आहे. मी मात्र गेल्या गुरुवारी दुपारी मेले.

घाबरू नकोस. परग्रहावर मेले. तेच सविस्तर सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुला नको असलेला विषय निघाला की तुमच्याकडची रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही आणि मध्येच ठेवून दिलं तरी ते तिथेच असतं.

तर झालं असं. श्रुतिका दिवसा घरी बसून एका विमा कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहिते, हे तुला माहीत आहेच. त्या गोष्टी छापत नाहीत, दुसरी एक कंपनी त्या मोबाईलवर ऐकवते. लोक कानात बोंडं घालून भांडी घासताना ऐकतात, जिममध्ये ऐकतात, रिक्षात ऐकतात. तिची नवी गोष्ट अंतराळातली आहे. एक अफाट साम्राज्य, शेकडो ग्रह, सम्राट, बंडखोर, आणि ग्रहाग्रहांमधून फिरणारी आकाशगलबतं. त्यातला एक ग्रह नुसता शेतीचा. सगळ्या साम्राज्याला भात पुरवणारा. त्याचं नाव धानोली. (मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कणकवलीच्या पुढे कुठेतरी असेल, आणि आपल्या कोणाची तरी सोयरीक तिकडे निघाली असेल.) या धानोलीवर एक म्हातारी शेतकरीण आहे, थोरली. तिचा आवाज देणारी बाई दोन भागांनंतर टीव्ही मालिकेत गेली. श्रुतिका डोकं धरून बसली होती, तेवढ्यात मी स्वयंपाकघरातून ह्यांना हाक मारली. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि रस्त्यावरचा भंगारवाला, या सगळ्यांच्या वर माझी हाक गेली. श्रुतिका उठून आली आणि म्हणाली, आई, तुम्हीच थोरली.

आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं माझं. माणसांनी माझा आवाज ऐकायचा आणि तोंड बघायचं नाही, याची मला सवय आहे. म्हणून हो म्हटलं.

आता रेकॉर्डिंग कुठे करायचं? स्टुडिओ परवडत नाही, म्हणून आमच्या कपाटात. कपाटाचं दार उघडायचं, लटकलेल्या साड्यांमध्ये तोंड खुपसायचं आणि साम्राज्याविरुद्ध बोलायचं. साड्या आवाज शोषून घेतात म्हणे. पण माझ्या साड्यांत डांबरगोळ्या आहेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला शिंकांची माळ लागली. श्रुतिकाला त्या शिंका आवडल्या, तिने ठेवल्या. मग ऐकणाऱ्यांनी लिहून विचारलं की धानोलीवर साथ आली आहे का, आणि तिला पुढच्या भागात खरंच साथ आणावी लागली. माझ्या नाकामुळे एक अख्खं गाव आजारी पडलं, दादा. शिवाय आमच्या डोक्यावरून विमानं जातात ते तू इथे आलास तेव्हा अनुभवलं आहेसच (तू प्रत्येक वेळी मान खाली घ्यायचास). विमान आलं की थांबायचं, गेलं की पुन्हा सुरू. शेवटी श्रुतिकाने एक विमान तसंच रेकॉर्ड केलं आणि धान्य न्यायला आलेली गलबतं म्हणून घातलं. ऐकायला इतकं भयंकर वाटतं, की आता खरं विमान गेलं की मलाच धान्य लपवावंसं वाटतं.

ह्यांच्याकडे एकच काम दिलं होतं. रेकॉर्डिंगच्या आधी पंखा आणि फ्रिज बंद करायचा, नंतर चालू करायचा. पहिला अर्धा भाग त्यांनी चोख केला. दुसरा अर्धा ते विसरले आणि आम्ही सगळे एका लग्नाला बदलापूरला गेलो. परत आलो तेव्हा बांगडे आमच्याआधी जिन्यात भेटायला आले होते. शेजारच्यांनी तीन दिवस खिडकी उघडली नाही. हे म्हणतात, कलेसाठी त्याग करावा लागतो. त्याग बांगड्यांनी केला, ह्यांनी फक्त नाक दाबलं.

सुरुवातीला मी कागदावर लिहिलेलं वाचायची. "या मातीशी आमचं नातं अतूट आहे" वगैरे. मला ते वाचताना सत्काराला उभं केल्यासारखं वाटायचं. एकदा कंटाळून मी आपल्या बोलीत म्हणून टाकलं, आणि श्रुतिका म्हणाली, हेच हवं. तेव्हापासून धानोली ग्रहावर मालवणी बोलतात. गोष्टीचा नायक आहे ना, त्याचं नाव इतकं अवघड आहे की माझी जीभ अडखळायची, मी त्याला बाबू म्हणायला लागले. आता सगळी ऐकणारी मंडळी त्याला बाबूच म्हणतात आणि त्या नटाला ते मुळीच आवडलेलं नाही.

इथपर्यंत सगळी मजा होती. मग श्रुतिकाने शेवटचे भाग आणून दिले. त्यात लिहिलं होतं की सम्राट धानोली जाळतो. संपूर्ण ग्रह. लोक, शेतं, थोरली, सगळं. बाबू लांबून ती आग बघतो आणि सूड घ्यायची शपथ घेतो. मी ते पान तिथेच ठेवलं. मी म्हटलं, सगळ्या साम्राज्याला भात देणारा ग्रह जाळल्यावर सम्राट दुसऱ्या दिवशी जेवणार काय? श्रुतिका म्हणाली, आई, अशा गोष्टींत हे कोणी विचारत नाही, कंपनीला धक्का हवाय. मी म्हटलं, मग मी नाही मरणार. असं शेत जाळलेलं माझ्याने वाचलं जाणार नाही. आणि मग मी तिला पुष्कळ ऐकवलं, दादा. कापणीच्या वेळचा वास, आबा अंगणात मळणी घालायचे ते, नव्या भाताची पेज, आईने पहिली लोंबी दाराला बांधायची ते. तुम्हा मुलांना शेत म्हणजे काय ते ठाऊक नाही, असंही म्हटलं. श्रुतिका ऐकत होती. ती वाद घालणारी पोर नाही, तुला माहीत आहे. पण लॅपटॉप मिटून ती हळूच म्हणाली:

"आई, तुमच्यासाठी शेत म्हणजे सोडून आलेलं घर आहे. माझ्या आजीसाठी शेत म्हणजे दुसऱ्याचा बांध. तिला विचारलं असतं ना, तर ती म्हणाली असती, जाळा."

मग ती उठून तिच्या खोलीत गेली.

दादा, श्रुतिकाचं माहेर कुर्ल्याचं, एवढंच आपण म्हणत आलो. लग्न बुद्धविहारात झालं, तू आला होतास, साधेपणा आवडला म्हणून परत जाताना सगळ्यांना सांगत होतास. पण त्या आधीचं आपण कोणी विचारलं नाही. मी तिला भाकरी कशी आवडते ते विचारलं, साडीचा रंग विचारला, पण तुझी आजी कोण, कुठली, असं कधी तोंडातून निघालं नाही. विचारायचं सुचलं नाही असं म्हणू की सुचू दिलं नाही, ते माझं मलाच ठरवता येत नाही. दोन दिवस आमच्या घरात फक्त ताटं बोलत होती. हे मध्ये मध्ये फ्रिज चालू आहे हे सांगून जायचे.

शेवटी मीच चहा घेऊन तिच्या दाराशी गेले आणि म्हटलं, आजीबद्दल सांग. मग तिने सांगितलं. आजी जालन्याकडची. ज्वारी काढायला, कापूस वेचायला दुसऱ्यांच्या रानात जायची. तहान लागली तर विहिरीपासून लांब उभं राहायचं, कोणी वरून ओंजळीत पाणी ओतलं तर प्यायचं. दुपारची भाकरीसुद्धा बांधावर बसून खायची नाही, बांध मालकाचा. उन्हात, ढेकळांत बसून खायची. मुंबईला आली ती पुन्हा कधी गावाकडे फिरकली नाही. कुर्ल्याच्या खोलीत कोणीतरी खिडकीत कुंडी ठेवली, तर ती म्हणाली, माती घरात आणू नका, आयुष्यभर पुरेल इतकी बघितली. श्रुतिका हे सगळं हसत हसत सांगत होती आणि माझा चहा निवत होता.

मला आपल्या मळ्यातली लावणी आठवली. मी आठवणीत नेहमी आबांना बघते, आईला बघते. चिखलात वाकलेल्या बाकीच्या बायकांचे चेहरे आठवायला गेले, तर नुसत्या पाठी दिसल्या. त्यांच्या नावांपैकी एकही मला आलं नाही. तुला येतं का?

मग आम्ही दोघींनी ते शेवटचे भाग पुन्हा लिहिले. (म्हणजे तिने लिहिले, मी भाज्या चिरत मध्ये मध्ये बोलले.) कंपनीने ग्रह वाचवायला नकार दिला. जळायलाच हवा म्हणाले, जाहिरातीत आग आधीच दाखवून झाली आहे. बरं, जळू दे. पण श्रुतिकाने धानोलीवर आणखी एक म्हातारी आणली. ती आयुष्यभर थोरलीच्या शेतात राबली आहे. तिचं तिथे काही नाही. बंडखोर लोकांना न्यायला गलबत आणतात, तेव्हा थोरली बियाण्याची पिशवी धरून बसते, निघत नाही, आणि ही दुसरी म्हातारी सगळ्यात आधी शिडी चढते. तिचा आवाज श्रुतिकाने स्वतः दिला, आजीच्या बोलीत. एका कपाटात दोघींनी तोंडं घातली, एका बाजूला माझ्या साड्या, दुसऱ्या बाजूला ह्यांचे सदरे.

मी माझं वाक्य म्हटलं, "मी खंय जावचंय नाय. भात पिकला हा, कापूक नको?"

श्रुतिका शिडीवरून परत फिरते. म्हणजे कपाटातच अर्धं पाऊल पुढे आली. आणि म्हणाली, "तुहं रान हाय म्हणून तू मरतीस. मपलं कव्हाच नव्हतं, म्हणून मी जगते. बी दे इकडं."

इथे मला लिहून दिलं होतं की थोरली रडते, आशीर्वाद देते आणि मातीला नमस्कार करते. माझ्याने ते झालं नाही. मी समोर बघितलं. ही पोर नव्हतीच ती, कोणीतरी उन्हात उभी राहिलेली बाई होती. माझ्या तोंडून एवढंच गेलं, "घे. फुडे बांध घालू नको."

श्रुतिकाने यंत्र बंद केलं नाही. आम्ही तशाच उभ्या राहिलो, साड्यांत आणि सदऱ्यांत. थोड्या वेळाने हे आले आणि विचारलं, मेलीस का, फ्रिज लावू? ते सगळं रेकॉर्ड झालं आहे. ते तेवढं काढलं.

गुरुवारी तो भाग लोकांनी ऐकला. आमच्या मजल्यावरच्या फर्नांडिसबाई दारात येऊन माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्यांना मराठी निम्मं कळतं, पण त्यांनाही गोव्याकडचं काहीतरी आठवलं असावं. श्रुतिकाच्या आईने तो भाग ऐकून फोन केला. नुसतं, हं, म्हणाली. श्रुतिका म्हणते ते हं तिने पहिल्यांदाच ऐकलं.

असो. उसण वाढते आहे, थांबते. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कोकमं पाठवलीस तर उन्हाळा सरायच्या आत पाठव.

तुझी धाकटी बहीण,
प्रेमा

ता. क. : आत्ताच कंपनीचा फोन आला. थोरली लोकांना फार आवडली म्हणे. ती मेली आहे याची त्यांना अडचण वाटत नाही. दुसऱ्या ग्रहावर तिची जुळी बहीण निघते आहे. म्हणजे वर इतकं गंभीर लिहिलं ते फुकट. जुळीने मालवणी बोलायचं की नाही यावर बैठक आहे.

आणखी ता. क. : ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. खालचा मळा या वर्षी पडीक ठेवणार असं तू फोनवर म्हणालास. तुझ्याने होत नाही, माणसं मिळत नाहीत, माकडं काही ठेवत नाहीत, सगळं खरं. पण वहिनीने मला हेही सांगितलं की गुणाजी तो मळा करायला मागतो आहे, आणि उद्या कूळ लागेल आणि जमीन कसणाऱ्याची होईल या भीतीने तू नाही म्हणालास. दादा, गुणाजीची आई आपल्या लावणीला यायची. तिचं नाव मला आज दिवसभर आठवत नाही. त्या मळ्यात माझाही वाटा आहे, मी आजवर कधी तोंडाने बोलले नाही, आज बोलते. माझ्या वाट्यापुरतं गुणाजीला सांग की पेर. उद्या कूळ लागलं तर माझ्या वाट्याला लागू दे. तुझ्या वाट्याचं तू बघ, मी काही म्हणणार नाही. (म्हणणार आहे, पण पुढच्या पत्रात नाही, समोर येऊन.) आणि त्याच्या आईचं नाव त्याला विचारून कळव.

शेवटचं ता. क. : लावणीला मी येते आहे. श्रुतिकाही येईन म्हणते. तिने आधीच सांगून ठेवलं आहे की ती चिखलात उतरणार नाही, बांधावर बसून फक्त बघणार. तेव्हा बांधावर एखादी चटई टाकून ठेव. आणि तिचा चहा वहिनीकडे नको देऊस, तिचा गुडघा दुखतो. तू नेऊन दे.