काचबेटाचे युद्ध पुन्हा सुरू करून मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, चिखली, जि. बुलढाणा

विषय : माझ्या कादंबरीतील तंटा गावाच्या तंटामुक्ती समितीने परस्पर मिटवल्याबाबत.
संदर्भ : समितीचा समझोता, ज्यावर माझी सही नाही.

महोदय,

सदर तंटा सामोपचाराने मिटला असून गावात पेढेही वाटून झाले आहेत. तरी तो मिटलेलाच नाही, असे गृहीत धरून पुढील मजकूर वाचावा. मीही तसेच गृहीत धरून लिहीत आहे.

१) मी अद्भुत कादंबरी लिहिते. काचेचा अजगर मनाने लिहिता येतो. परंतु राजाच्या ताटातले विष आधी कोण चाखतो, हे मनाने लिहिले की वाचक लगेच पकडतो. म्हणून मी युरोपच्या प्रबोधनकाळाचा इतिहास अभ्यासला. त्या काळी इटलीत बड्या घराण्यांची माणसे भर प्रार्थनेत एकमेकांना सुरे मारीत. व्हेनिसच्या कारागिरांना काचेचे गुपित फुटू नये म्हणून एका बेटावर ठेवले होते. पळणाऱ्याच्या मागे मारेकरी जात. यावरून मी काचबेट रचले. त्यातील काचगर मुलगी शेवटच्या प्रकरणात होडीने पळून जाते. सगळी कादंबरी त्या होडीसाठी आहे.

२) हस्तलिखित झेरॉक्सला दिले असता दुकानदार गोपाल याने ते चाळले आणि "ताई, हे तं लय मोठं मॅटर हाय" असे म्हणून थेट समितीचे अध्यक्ष श्री. इंद्रभान यांच्याकडे पोचवले. गाव तंटामुक्तीच्या पुरस्काराच्या यादीत आहे. दोन घराणी, तीन पिढ्यांचे वैर, विषप्रयोग, सुरे हे वाचून अध्यक्षांनी तातडीची सभा लावली.

३) हे इटलीवरून घेतलेले असून खोटे आहे, असे मी सभेत ओरडून सांगितले. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "इटलीचा असो का शेजारच्या उंद्रीचा, तंटा तो तंटाच. लिहिला कुठं? आपल्या गावात. मंग हद्द आपलीच." टाळ्या पडल्या. साहेब, ज्या समितीला नाल्यावरचे अतिक्रमण आजपर्यंत दिसलेले नाही, तिला व्हेनिस दिसले.

४) समझोता असा : दोन्ही घराण्यांनी एकमेकांच्या घरचे पाणी प्यावे. विष जमा करावे. अजगर वनविभागाच्या ताब्यात द्यावा. इथपर्यंत मी सोसले. परंतु चौथे कलम असे, की मुलीने मुकाट्याने बेटावरच राहावे. सदस्या झुंबरबाई म्हणाल्या, "अवं माय, खाऊन-पिऊन सुखी हाय नं थे? मंग जाते कायले?" साहेब, तिच्या बापाचे हात भट्टीत जळालेले आहेत आणि तिने आजवर बेटाची दुसरी बाजूसुद्धा पाहिलेली नाही. हे दुसऱ्याच पानावर आहे. समितीने सुऱ्यांची पानेच वाचली.

५) मुलीचे पालक म्हणून माझे वडील श्री. दयाराम यांची सही घेण्यात आली. "कर सही, पोरगी घरी राह्यते" असे अध्यक्षांनी म्हटल्यावर वडिलांनी कोणती पोरगी, हे विचारले नाही. घरी आल्यावर मी विचारले, तर म्हणाले, "मले वाटलं, तूच."

६) हस्तलिखित "मिटलेले प्रकरण" म्हणून समितीच्या कपाटात बंद आहे. प्रकाशकांना शेवट या महिन्यात हवा आहे. नव्याने लिहायला बसले, तर अध्यक्ष दारात येऊन विचारतात, "काऊन वं, पुन्हा भांडणं लावून राह्यली का?"

सबब विनंती की, समझोता रद्द करून दोन्ही घराण्यांचे वैर पूर्ववत करावे. सर्व पक्षकारांना समक्ष हजर राहण्याच्या नोटिसा काढाव्यात. ते पाचशे वर्षांपूर्वी मयत असल्याची सबब ग्राह्य धरू नये. तसेच आपल्या अधिकारात काचबेटाच्या किनाऱ्यावर शेवटच्या प्रकरणापुरती जमावबंदी लागू करावी, जेणेकरून मुलगी होडीत बसत असताना अध्यक्ष, सदस्या किंवा कोणाचेही वडील तिची समजूत काढायला तेथे येणार नाहीत.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
प्रतीक्षा दयाराम सुरडकर
मु. हिरडवाडी, ता. चिखली
दि. १२/०२/२०२५