वेशीतला म्हसोबा कोण निघाला

मंगळवार, दिवेलागण

रस्त्याच्या कामात हलवायचा म्हणून आज वेशीतला म्हसोबा धुतला. देव न्हाईच तो! शेंदूर खरवडला तर खाली अक्षरं. बोट ठेवून वाचलं. या गावातून महायुद्धाला गेले नि मेले, त्यांची आठवण म्हणून हा दगड. नावं न्हाईत. चार नावं कोरायला काय जड झालं हुतं?

सासूबाई मटकन बसल्या. त्यांचे आजेसासरे त्याच लढाईला गेले, आलेच न्हाईत. घरात साधा फोटो न्हाई.

"म्हंजी मामंजींचे वडील हितंच हुते?" त्यांनी कपाळापर्यंत पदर ओढला. "अगं बाई! म्हैस आटली की मी ह्यांनाच मेल्या म्हनायचे!"

लई हसले मी. मग बघते तर माझाही पदर डोक्यावर.