पारसिकच्या डोंगरावरून

मुक्काम ठाणे,
माघ वद्य षष्ठी, शके १८०७

तीर्थस्वरूप दादा यांचे सेवेसी,

धाकटा आनंदा याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. तुझी प्रकृती बरी असेल. थंडीत तुला खोकला होतो, तर अडुळशाचा काढा घेत जा. पंतोजींनी शिकवलेलं कागदी बोलणं मला एवढंच येतं. पुढचं घरी बोलतो तसंच लिहितो, म्हणजे पत्र माझंच आहे हे तुला पटेल.

गावाकडे दोन्ही बैल बरे आहेत. वालाला यंदा शेंग चांगली धरली. मनूवहिनीची काळजी करू नकोस. कोलशेतला तिचे वडीलही बरे आहेत. ते आजारी नव्हतेच, पण ते मागाहून सांगतो.

मी परवा कल्याणहून ठाण्याला चालत आलो. एकटा. उजाडता निघालो तो दिवेलागणीला पोचलो. उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला आहे, म्हणून तळ्याजवळ त्र्यंबक सुताराच्या पडवीत पाय लांब करून बसलो आहे. आगगाडी असताना पायी का आलास, असं तू विचारणार नाहीस. तुला ठाऊक आहे. तरी मी सांगणार, कारण तुला अर्धंच ठाऊक आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी कल्याणला तुझ्याकडे जेवायला आलो. कमरेला गावचा अर्ज होता, हे मीच तुला सांगितलं. ठाण्यात साहेबलोक जंगलाची चौकशी करायला बसले आहेत, रयतेचं गाऱ्हाणं लेखी घेतात, हे ऐकून मी आठ दिवस खपून तो लिहिला होता. खाली एकेचाळीस घरांच्या निशाण्या, पुरुषांचे नांगर आणि बायकांच्या बांगड्या. मजकूर राबाचा. ऐनाचे टहाळे तोडून वाफ्यावर जाळल्याशिवाय आपल्या भाताचं रोप उठत नाही, हे तुला मी काय सांगावं. पणजोबापासून डोंगर आपला होता. आता जंगलाचा मक्तेदार शेट आला, तर एक फांदी आणली तरी बायामाणसांना चौकीवर ओढतात, आणि तो स्वतः हद्दीबाहेरचा साग गाड्या भरून नेतो. हे सगळं मी नावनिशीवार लिहिलं होतं.

तू त्याच मक्तेदाराचा मुकादम. तरी मी म्हणालो, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जातो. भोळेपणानं म्हणालो असं समजू नकोस. निम्मं भोळेपणानं, निम्मं तुला पारखायला. सख्ख्या भावाला पारखावं हे मला शोभलं नाही, ते कबूल करतो. तूच मला खांद्यावर बसवून चिखलातून कल्याणच्या शाळेत नेलंस. तू नेलं नसतंस तर मला आज हे पत्रही लिहिता आलं नसतं.

तू हात धुतलेस आणि पान आणतो म्हणून बाहेर पडलास. पानाचा डबा तुझ्या घरात भरलेला होता.

यापुढची एक गोष्ट गाळून मी सकाळकडे जातो.

स्टेशनाच्या दाराशी तुमची दोन माणसं उभी होती. थोराड रतन, आणि तो काठीवाला उत्तम. मी लांबूनच पाहिलं. परत फिरता आलं असतं. फिरलो नाही. त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, पागोटं सोडून पुन्हा बांधलं, आणि एका गाडीवानाला मोठ्यानं विचारलं की शिळेचा रस्ता कुठला. माझ्या गावाचा रस्ता मला ठाऊक नाही, असं कुणाला वाटेल? पण त्या दोघांना वाटलं. गाडी शिट्टी देऊन निघाली, आणि मी चालू लागलो. ते मागं आले.

कल्याण सुटेस्तोवर मी मागं वळून पाहिलं नाही.

खिडकाळीच्या देवळाशी दुपार झाली. तळ्यावर हातपाय धुऊन मी भाकर सोडली. त्या दोघांनी बरोबर काही आणलं नव्हतं. आगगाडीच्या दारात धरायचं नि घरी जायचं, असा त्यांचा बेत. मी अर्धी भाकर रतनच्या हातावर ठेवली. तो खाली बसला आणि मान घालून म्हणाला, "कागद दे आनि घरी जा. मुकादमाचा भाऊ हायस, हात लावायला मना बरं नाय वाटत."

मी विचारलं, मी जाणार हे तुम्हांला कुणी सांगितलं.

"तुज्याच भावानं. दुसऱ्या कोनाला ठाव व्हतं?"

मला आधीच कळलेलं होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा हातातला घास खाली ठेवला. मी उठलो.

शिळेपासून सरळ वाट मुंब्र्याला जाते. मी ती सोडून डोंगर धरला. मला वेळ काढायचा होता. भरती-ओहोटीचा हिशेब माझ्या डोक्यात होता, त्यांच्या नव्हता. मी मध्येच एखाद्या दगडाशी वाकायचो, इकडंतिकडं बघायचो, पुढं जायचो. मागं वळून पाहिलं की दोघं तोच दगड उलथत असायचे. एका करवंदीच्या जाळीशी मी लघवीला बसलो, तर उत्तमनं ती जाळी मुळापर्यंत उसकटली. काट्यांनी त्याचे हात रक्ताळले. सबंध दिवसात मी हसलो तो तेवढाच.

माथ्यावर वारा होता. खाली खाडी दिसते, कल्याणपासून ठाण्यापर्यंत चकाकत गेलेली. तिच्यात तीन शिडं होती. मी तिकडं पाठ करून बसलो. त्या बाजूला बघायचंच नाही, असं स्वतःला बजावलं होतं, कारण माझा चेहरा मला सांभाळता येत नाही, हे तू लहानपणापासून म्हणतोस.

उतरणीवर उत्तमचा धीर सुटला. दोघांनी मला पाडलं. पागोटं उलगडलं, बंडी फाडली, धोतराची गाठसुद्धा तपासली. कागद कुठं आहे, म्हणून उत्तमनं गुडघ्यावर काठी घातली. दुसरी घालणार तो रतननं त्याचं मनगट धरलं.

मी म्हणालो, "पोचला असेल."

दादा, आता ती गाळलेली गोष्ट.

तू पानाला गेलास तेव्हा वहिनी परसात आली. म्हणाली, "ते शेटकडं गेलेत. कागद मला द्या." मी नको म्हणालो. तुझा संसार मोडेल म्हणालो. तेव्हा तिनं मला पौषातली हकीकत सांगितली. तिला ती विहिरीवर रतनच्या बायकोकडून कळली होती.

पौषात आई टहाळ्यांचा भारा घेऊन उतरताना धरली गेली. चौकीपुढं तिला भारा डोक्यावर ठेवून उन्हात उभी केली, सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत. साठीची बाई. दुपारी मक्तेदार आला, बरोबर तू. त्यानं विचारलं, मुकादम, ही बाई तुझ्या गावची दिसते, कोण आहे? आणि तू म्हणालास, ओळखत नाही.

आईनं घरी येऊन मला सांगितलं की मान लचकली. मी तिला महिनाभर तेल चोळलं. तिनं तुझं नाव काढलं नाही, आजवर नाही. उलट अर्ज घेऊन निघालो तेव्हा म्हणाली, दादाकडं जेवून जा, त्याला बरं वाटेल.

तुझं नाव न घालता मी अर्जाखाली आईची गोष्ट चार ओळींत जोडली आणि कागद वहिनीला दिला.

सकाळी मी स्टेशनाकडे निघालो आणि ती बंदरावर गेली. तुला वडिलांच्या आजाराचं सांगितलं ते त्यासाठी. सुक्या बोंबलांच्या पाटीत तळाशी अर्ज ठेवून ती ओहोटीच्या मचव्यात बसली. बंदरावरही तुमचा एक माणूस होता म्हणे. त्यानं नाकाला उपरण्याचा पदर लावला आणि तिला जाऊ दिलं.

मी लंगडत कळव्याचा पूल ओलांडून ठाण्यात आलो. ते दोघं पुलापाशीच थांबले. रतननं माझं पागोटं झटकून माझ्या हातात दिलं आणि मागं फिरला. वहिनी तळ्याच्या पायऱ्यांवर रिकामी पाटी घेऊन बसली होती. अर्ज दुपारीच कचेरीत दिला होता.

काल आम्हांला आत बोलावलं. कारकुनानं अर्ज दोन बोटांनी धरला, कारण बोंबलाचा वास काही जाईना. पण वाचला सगळा. साहेबानं आईची चौकीवरची गोष्ट दुसऱ्यांदा वाचायला लावली. मग विचारलं की हे डोळ्यांनी पाहणारं कुणी आहे काय.

तुझं नाव मला घेववेना. मला तो चिखल आणि तुझा खांदा आठवला.

वहिनी पुढं झाली. लग्नाला नऊ वर्षं झाली. उखाण्याशिवाय तिच्या तोंडून तुझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. पदर नीट करून ती म्हणाली, "भिवाजी धाकू म्हात्रे." कारकुनाला नीट ऐकू आलं नाही, तर पुन्हा म्हणाली. नातं विचारलं, तेही सांगितलं.

ते लिहून घेतलं आहे. आठ दिवसांत तुला बोलावणं येईल. मक्तेदार तुला काय बोलायचं ते पढवील, आणि न बोललास तर मुकादमी जाईल, हे मला कळतं. माझी त्यावर काही विनंती नाही. आम्ही माफी मागायला यायचे नाही आणि तूही आधी भेटायला येऊ नकोस. वहिनी तूर्त गावी आपल्या घरी राहील. इथून पुढं ती कुठं राहील हे ती ठरवील, असं तिनंच लिहायला सांगितलं आहे.

चौकशीचा निकाल कसा लागेल कोण जाणे. लागेल तसा लागो. फाल्गुनात आम्ही एकेचाळीस घरं मिळून डोंगरावर जाणार, भर दिवसा, बायका पुढं. टहाळे तोडणार आणि राब भाजणार. धूर कल्याणपर्यंत दिसला तर दिसू दे.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. उद्या गावी जाऊन सांगेन. तुझं बोलावणं निघेल त्या दिवशी तिला मी ठाण्याला आणणार आहे. कचेरीत तुझ्या समोर बसवणार नाही, शेजारी बसवीन. मग साहेब विचारील, आणि तुला सांगायचं ते तू सांग.

कळावे.

आवडाबाईच्या दोन मुलांपैकी धाकटा,
आनंदा धाकू म्हात्रे